आडव्या कोकणातला उभा रस्ता

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर करंजा दिसते. मागे द्रोणागिरीचा डोंगर, पायथ्याला घरांची दाटी, काठाला लागलेल्या मच्छीमार बोटी, सगळे नजरेच्या टप्प्यात. मधे धरमतरची खाडी. लाँचने पलीकडे जायला पाव तास पुरतो. तेच अंतर गाडीने कापायचे तर आधी पाठ फिरवावी लागते. पोयनाड, वडखळ, पेण करीत खाडीला पूर्ण वळसा घालायचा आणि मग उरणची वाट धरायची. अर्धा दिवस हातचा जातो. महाराष्ट्राच्या सागरी महामार्गाचा आरंभ याच धक्क्यापाशी आहे. सरकारी भाषेत तो प्रमुख राज्य मार्ग क्रमांक ४, म्हणजे रेवस-रेड्डी सागरी महामार्ग. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून किनारा धरून तो सुमारे पाचशे किलोमीटर खाली उतरतो आणि गोव्याच्या वेशीला टेकतो.

नावातल्या 'रेड्डी'चा खुलासा आधी करतो, कारण बाहेरच्या माणसाला तो आंध्रातला शब्द वाटतो. वेंगुर्ले तालुक्यातल्या या गावाचे नाव आहे रेडी. गावात कुणीही 'ड'ला द्वित्व देत नाही. इंग्रजी कागदावर ते दोन 'डी' घालून लिहिले गेले, कागदावरून ते पुन्हा मराठीत आले आणि येताना रेडीचे रेड्डी झाले. आता फलकांवर, निविदांवर, विधिमंडळाच्या चर्चांत तेच चालते. गावाला त्याचे खरे नाव परत मिळावे असे मला मनापासून वाटते. रस्ता ज्या गावात संपतो, त्या गावाचे नाव तरी रस्त्याने नीट घ्यावे.

आता कुळाकडे येऊ. या रस्त्याची कुळकथा सांगायची तर आधी हे ध्यानात घ्यावे लागते की कोकणाचे जुने रस्ते सगळे आडवे होते. बंदरापासून निघायचे, खाडीच्या कडेने आत शिरायचे, घाट चढायचा आणि देशावर जायचे. चिपळूणचा माल कुंभार्लीने कऱ्हाडला चढे. राजापूरचा अणस्कुऱ्याने जाई. वेंगुर्ल्याचा रामघाटाने, पुढे आंबोलीने बेळगावला. महाडहून वरंधा होता. मीठ, सुकी मासळी, नारळ, सुपारी वर जायची. धान्य, गूळ, तंबाखू खाली यायचा. बैलांचे तांडे, ओझी वाहणारी माणसे, व्यापाऱ्यांच्या वखारी, जकातीची नाकी हे सगळे या आडव्या वाटांवर वसलेले. उत्तर-दक्षिण अशी उभी वाट जमिनीवर जवळजवळ नव्हतीच. तिची गरजही नव्हती, कारण उभा रस्ता समुद्र होता.

हर्णैच्या माणसाला रत्नागिरीला जायचे असले तर तो डोंगरदऱ्या तुडवीत कशाला जाईल? तो बंदरावर जाई, वारा बघे आणि गलबतात बसे. पडाव, मचवे, गलबते हीच त्या रस्त्यावरची वाहने. एकोणिसाव्या शतकात त्यांत आगबोटींची भर पडली. आधी शेफर्ड कंपनीच्या, पुढे बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनच्या. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून सुटलेली बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाई. बहुतेक ठिकाणी ती काठाला लागतच नसे. खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि किनाऱ्यावरून पडाव भरभरून माणसे तिच्याकडे नेत. हिंदकळत्या पडावातून बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा, काखेत पोर, डोक्यावर बोचके, हातात कोंबडी. कोकणातल्या चार पिढ्यांनी मुंबई अशी गाठली. गिरण्यांतली नोकरी, मनिऑर्डर, गणपतीला येणारा चाकरमानी, हे सगळे या पाण्याच्या रस्त्याने आले-गेले.

हा रस्ता पावसाळ्यात बंद होई आणि कधी कधी तो माणसे गिळीतही असे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. गटारी अमावास्येचा दिवस. घरी निघालेले सहाशेहून अधिक लोक त्या दिवशी बुडाले. रेवस, मांडवा, अलिबाग या पट्ट्यात आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'रामदास बुडाली त्या साली' अशी कालगणना येते. सागरी महामार्गाचा पहिला दगड जिथे आहे, तिथल्या पाण्यात ही आठवण आहे. किनाऱ्याला जमिनीवरची बारमाही वाट हवी, ही मागणी कुठल्या आराखड्यातून उपजलेली नाही. ती अशा दिवसांतून आलेली आहे.

मग वाट झाली ती किनाऱ्याला सोडून झाली. मुंबई-गोवा मार्ग नकाशावर पाहा. पनवेल, पेण, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजे, राजापूर, कणकवली, सावंतवाडी. समुद्र कुठेच नाही. सह्याद्रीचा पायथा धरून हा रस्ता खाली येतो आणि त्याचे कारण पाण्यात आहे. कोकणच्या नद्या आखूड. सह्याद्रीवरून उडी घेतली की पन्नास-साठ मैलांच्या आत समुद्रात. पण समुद्राने त्यांच्या दऱ्या बुडवून ठेवल्या आहेत, त्यामुळे मुखाशी त्या किलोमीटरभर रुंद होतात आणि भरतीचे पाणी तीस-चाळीस किलोमीटर आत चढते. भरती जिथे दमते, पात्र जिथे अरुंद होते आणि खडक हाती लागतो, तिथे पूल बांधणे परवडते. महाडला सावित्री, चिपळूणला वाशिष्ठी, संगमेश्वरला शास्त्री, राजापूरला अर्जुना. ही सगळी गावे भरतीच्या शेवटच्या टोकाची बंदरे होती. गलबत जिथवर येई तिथे बाजारपेठ बसली. रस्त्याने तीच ठिकाणे पकडली आणि एका खाडीच्या डोक्यावरून दुसऱ्या खाडीच्या डोक्यावर उडी मारीत तो गोव्याला गेला. पुढे १९९८ मध्ये राष्ट्राला अर्पण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. किनाऱ्यावरची गावे मागे पडली. एकेकाळी रस्त्यावर असलेले दाभोळ एका फाट्याच्या टोकाला गेले. विजयदुर्गाचे तेच झाले. पाणी हा रस्ता होता तोवर ही गावे दर्शनी होती; डांबर हा रस्ता झाला आणि ती परसदारी गेली. ऐंशीचे दशक सरता सरता मुंबई-पणजी प्रवासी बोटीही थांबल्या आणि किनाऱ्याचा उभा रस्ता पूर्ण मोडला.

तो जमिनीवर पुन्हा उभा करायचा, ही कल्पना रेटली बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांनी. १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले. त्यांचे गाव आंबेत, म्हसळा तालुक्यातले, सावित्रीच्या काठावरचे. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला पलीकडचे गाव दिसणे आणि पलीकडे पोचणे यांतले अंतर कुणी समजावून सांगावे लागत नाही. अंतुल्यांची मुख्यमंत्री म्हणून कारकीर्द दीड वर्षाची. तेवढ्यात कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा निघाला, आणि रेवस-करंजा पुलाचे भूमिपूजनही झाले. १९८२ च्या जानेवारीत त्यांना पायउतार व्हावे लागले. पूल कागदावर राहिला. त्यांच्या राजकारणाविषयी कुणाचे काहीही मत असो, किनाऱ्याची दिशा ओळखणारा तो माणूस होता असे मी म्हणेन. मुंबई बंदराच्या पलीकडून थेट रेडीपर्यंत समुद्राच्या अंगाने एक सलग रेघ, इतके मोठे चित्र त्याआधी कोकणासाठी राज्यकर्त्यांनी क्वचितच पाहिले होते.

त्या रेघेचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. रस्ता असा एका दमात कधी बांधला गेलाच नाही. दोन खाड्यांमधला तुकडा आधीच गावरस्ता, जिल्हा मार्ग म्हणून होता. त्याला थोडे रुंद केले, डांबर चढवले, फलक लावला आणि सागरी महामार्ग म्हटले. तुकडे झाले, जोड राहिले. म्हणून मला वाटते की या रस्त्याचा इतिहास डांबराचा सांगण्यात अर्थ नाही, खाड्यांचा सांगावा. धरमतर, कुंडलिका, राजपुरी, बाणकोट, केळशी, आंजर्ले, दाभोळ, जयगड, भाट्ये, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, कालावल, कर्ली, तेरेखोल. ही नावे मोठ्याने वाचली तर आणखी एक गोष्ट कानावर येते. ही किल्ल्यांची यादी आहे. कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा आणि कोर्लई, राजपुरीच्या तोंडावर जंजिरा, सावित्रीवर बाणकोट, वाशिष्ठीवर अंजनवेलचा गोपाळगड, शास्त्रीवर जयगड, मुचकुंदीवर पूर्णगड, वाघोटनवर विजयदुर्ग. खाडीचे तोंड ज्याच्या हातात, त्याच्या हातात आतला व्यापार. म्हणून किल्ले तिथे बांधले. आज पूल हवा आहे तोही तिथेच. पाचशे वर्षे ज्या जागा अडवण्यासाठी निवडल्या गेल्या, त्या आता जोडायच्या आहेत.

आणि या दोन्हींच्या मधे होती तर.

'तर' म्हणजे खाडी उतरण्याची जागा आणि उतरवणारी होडीही. शब्द तरणे, तारणे या कुळातला. 'धरमतर' या नावात तो उघड बसलेला आहे. कोकणात प्रत्येक खाडीवर तर होती आणि प्रत्येक तरीला तरीवाला होता. अलीकडच्या काठावर उभे राहून मोठ्याने हाक घालायची, पलीकडून होडी सुटे. तिकीट, लिलाव, ठेका हे नंतरचे. बलुत्यासारखे वर्षाचे धान्य, नारळ देऊन घराघराची ये-जा चालत असे. लग्नाची वऱ्हाडे तरीवरून गेली, देवांच्या पालख्या तरीवरून गेल्या, बाळंतिणी आणि शाळेची पोरे गेली. आज ज्याला आपण राज्य मार्ग म्हणतो, त्याचे मूळ पुरुष हे तरीवाले. कुळकथेत त्यांचे नाव आधी लिहिले पाहिजे.

पूल आला की काय होते, याचे एक उदाहरण कुंडलिकेवर आहे आणि ते मला या सगळ्या मार्गावरचे सर्वांत विलक्षण वाटते. रेवदंड्याहून समोर कोर्लईचा डोंगर दिसतो. त्यावर पोर्तुगीजांचा किल्ला. पायथ्याच्या गावात ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथे हजाराच्या आसपास माणसे एक भाषा बोलतात जी जगात दुसरीकडे कुठेही बोलली जात नाही. पोर्तुगीज शब्द आणि मराठी वाक्याची ठेवण यांतून घडलेली बोली. बोलणारे तिला 'नौ लिंग', म्हणजे आपली भाषा, म्हणतात. पोर्तुगीजांनी चौल १७४० मध्ये मराठ्यांच्या हवाली केले आणि ते निघून गेले. मागे राहिलेल्या या वस्तीच्या एका अंगाला समुद्र, एका अंगाला खाडी. अडीचशे वर्षे ही बोली त्या पाण्याने सांभाळली. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला आहे. १९८६ मध्ये रेवदंडा-साळाव पूल झाला आणि कोर्लई बाजूच्या गावांशी, शाळांशी, नोकऱ्यांशी जोडली गेली. पोरांच्या तोंडी मराठी वाढली, घरातली बोली आकसू लागली. पूल नको होता असे कोर्लईतला माणूस म्हणणार नाही आणि मीही म्हणत नाही. रात्री-अपरात्री दवाखाना गाठायचा असतो तेव्हा पुलाची किंमत कळते. पण खाडी काय राखीत होती, हे पूल बांधणाऱ्याला ठाऊक असावे. इथे ते एका भाषेच्या रूपाने समोर आले, म्हणून दिसले. दुसरीकडे ते न दिसताच गेले असेल.

पुढे काशीद, नांदगाव, मुरूड आणि मग राजपुरीची खाडी. आगरदांडा इकडे, दिघी तिकडे. दिघीहून दिवेआगर, आणि तिथून शेखाडीवरून श्रीवर्धनला जाणारा तुकडा म्हणजे या मार्गाचे सर्वांत सुंदर रूप. रस्ता पाण्याच्या इतका जवळून जातो की उधाणाला तुषार काचेवर येतात. हरिहरेश्वराच्या खाली बागमांडला, आणि पुन्हा पाणी.

ही सावित्री. हिच्या मुखाला बाणकोटची खाडी म्हणतात. मुंबईचे गोरे साहेब महाबळेश्वरला हवापालटाला जात तेव्हा रेल्वे नव्हती. बरेच जण समुद्राने बाणकोटला येत, खाडीने महाडपर्यंत वर जात आणि तिथून डोंगर चढत. आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याची बायको आणि तान्ही मुलगी १८५३ मध्ये याच खाडीच्या तोंडाशी, होडी बुडून, खलाशांसह गेल्या. महाबळेश्वरला आपण ज्याला आर्थर सीट म्हणतो ती जागा त्या मॅलेटच्या नावाची. तिथून खाली सावित्रीचे खोरे दिसते. पर्यटक तिथे फोटो काढतात. त्या जागेचे नाव एका न झालेल्या पुलाशी जोडलेले आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

पूल अजूनही झालेला नाही. बागमांडला आणि वेश्वी यांच्यामधे तो बांधायला घेतला होता. पाण्यात खांब उभे राहिले आणि काम थांबले. सावित्रीवरचा समुद्राला सर्वांत जवळचा चालू पूल आजही आंबेतचा, बराच आत. बागमांडल्याच्या फेरीतून जाताना ते खांब बाजूने सरकत जातात. त्यांवर बगळे बसलेले असतात, भरतीची ओली रेघ उमटलेली असते, कालवे चिकटलेली असतात. पाण्याने त्यांना आपल्या हिशेबात कधीच घेऊन टाकले आहे. लोकांचा पैसा तिथे उभा आहे आणि त्याचा जाब कुणीतरी दिला पाहिजे, एवढे मी स्पष्ट लिहितो.

वेळास नाना फडणविसांचे गाव, आता कासवांच्या पिल्लांसाठी माणसे तिथे गर्दी करतात. त्याच्या पुढे केळशी. केळशीच्या खाडीतोंडावर वाळूची एक प्रचंड टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिचे थर तपासले आणि समुद्राच्या एका महाकाय लाटेने ती उभी केली असावी असे मत मांडले. १५२४ साली दाभोळच्या समुद्रात वास्को द गामाच्या आरमाराला भूकंपाचा हादरा बसल्याची नोंद पोर्तुगीज बखरींत आहे, त्याच्याशी ते ही घटना जोडतात. महामार्गाची आखणी या टेकडीच्या अंगाशी येऊन भिडते. रस्ता चार पावले सरकवता येतो. टेकडी सरकवता येत नाही. ती किनाऱ्याची बखर आहे, आणि एकदा फावडे लागले की पुन्हा वाचता येणार नाही.

आंजर्ल्याला पूल आहे, हर्णै-मुरूड-कर्दे-लाडघर हा तुकडा चालता आहे. आणि मग येते दाभोळ.

दाभोळला एका कोपऱ्यात थांबून पाहावे. समोर धोपावे, वाशिष्ठीचे रुंद पाणी मधे. दापोली-खेड-चिपळूण करीत जमिनीवरून गुहागर गाठायचे तर शंभरावर किलोमीटर. २००३ मध्ये इथे गाड्या वाहून नेणारी फेरी सुरू झाली आणि तो वळसा पंधरा मिनिटांवर आला. बोट येते तेव्हा आधी इंजिनाचा आवाज बदलतो. मग तोंडाची लोखंडी फळी साखळ्यांवर खडखडत खाली उतरते आणि सिमेंटच्या उतरणीवर दणका देऊन टेकते. दोर टाकला जातो, पण पुष्कळदा बोट इंजिनाच्या जोरावरच काठाला छाती लावून उभी राहते. आधी पायी माणसे उतरतात, मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, मग दुचाक्या, मग गाड्या. चढताना गाड्या उलट्या घेतात, म्हणजे पलीकडे सरळ उतरता याव्यात. पोरगेलासा एक खलाशी दोन बोटांच्या खुणेने ट्रकला वीतभर इकडे, वीतभर तिकडे सरकवतो. आरशांच्या मधे हात जाईल एवढीच फट उरते. ओहोटी मोठी असली की फळीचा चढ तीव्र होतो आणि जड गाडीला थांबावे लागते. घड्याळापेक्षा इथे तिथी जास्त चालते.

या बोटीला सगळा कोकण 'जंगलजेट्टी' म्हणतो. जंगलाचा इथे काय संबंध, असे पहिल्यांदा ऐकणाराला वाटते. संबंध नाहीच. केरळात गाड्या नेणाऱ्या अशाच फेरीला 'जंकार' म्हणतात. मल्याळी 'चंगाडम' म्हणजे ओंडके जोडून केलेला तराफा. पोर्तुगीजांनी तो शब्द उचलून 'जंगाडा' केला, आणि संस्कृत 'संघाट' हे त्याचे मूळ जुन्या कोशकारांनी दिले आहे. आपले 'जंगल' मला या घराण्यातलेच दिसते. अनोळखी शब्द ओळखीच्या शब्दाच्या कपड्यांत घालून घ्यायची भाषेची खोड असते. खाडी ओलांडणाऱ्या बोटीला नावही पाण्यानेच यावे, किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करीत, हे मला फार योग्य वाटते.

गुहागरच्या पुढे तवसाळ-जयगड ही दुसरी जंगलजेट्टी. मालगुंड, गणपतीपुळे आणि मग आरे-वारे. इथे पूल झाले आणि रत्नागिरी-गणपतीपुळे समुद्राला लागून जाता येऊ लागले. एका वळणावर दोन्ही किनारे एकदम खाली उघडतात. सागरी महामार्ग म्हणून लोकांच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, ते बहुधा या तुकड्याचे. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याचा पूल, पूर्णगडचा, जैतापूरचा. सिंधुदुर्गात मिठमुंबरी, आचरा, कोळंब. दक्षिणेकडच्या खाड्या लहान, त्यामुळे तिथे रेघ जास्त जुळलेली. म्हणूनच उत्तरेकडचा माणूस या रस्त्याला अपुरा म्हणतो आणि मालवणचा माणूस तो रोज वापरतो.

अलीकडच्या वर्षांत राज्य रस्ते विकास महामंडळाने मोठ्या खाड्यांवरचे पूल हाती घेतले आहेत. रेवस-करंजा, रेवदंडा-साळावचा नवा पूल, आगरदांडा-दिघी, दाभोळ, जयगड ही नावे त्यांत आहेत. यांतली काही कामे सुरूही झाली. हे व्हायलाच हवे. पण त्याबरोबर रुंदीकरणाची भाषाही येते, आणि तिथे मला काळजी वाटते.

दिवेआगर, केळशी, गुहागर, आचरा यांपैकी कुठल्याही गावातून हा रस्ता जातो तेव्हा तो रस्ता नसतो, गावाचे अंगण असते. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, त्यांवर शेवाळ, गडग्याआड पोफळी आणि माड. बिदीला लागून ओटी, ओटीवर सुपारी सोलणारी माणसे. समोरून एसटी आली की एका गाडीने मागे सरकून कुणाच्या तरी बेड्याशी थांबायचे. गावातला माणूस न सांगता सरकतो, बाहेरचा हॉर्न वाजवतो. इथे रस्ता चौपट रुंद करायचा तर काय जाते याचा हिशेब चौरस मीटरमध्ये होत नाही. उभी पोफळ धरायला सात-आठ वर्षे लागतात. गडग्याच्या चिऱ्यामागे वाडीतल्या विहिरीचे पाणी असते, दोन भावांमधली वाट असते, देवाच्या पालखीचा ठरलेला मार्ग असतो. म्हणून गावे बाजूला ठेवून वळणरस्ते काढावेत, खाजणांतले कांदळवन राखावे, आणि पैसा आधी पुलांवर घालावा. या मार्गाला रुंदी कमी पडत नाही. त्याला जोड कमी पडतात. चाळीस वर्षांत आपण हे उलटे करीत आलो.

आणखी एक मागणी. पूल होतील तेव्हा प्रत्येक पुलाला त्या तरीचे नाव द्या. नेत्यांची नावे द्यायला शहरांत पुष्कळ उड्डाणपूल आहेत. ज्या जागी शेकडो वर्षे हाक घातली आणि होडी आली, त्या जागेचे नाव पुलाच्या कठड्यावर राहू द्या, आणि पूल झाला म्हणून तर बंद करू नका. मासळीवाल्या बाईला बाजारापासून बाजारापर्यंत जायचे असते. पुलाच्या टोकापासून तिचे गाव पुन्हा दोन मैल असते.

वेंगुर्ल्याच्या पुढे मोचेमाड, आरवली, शिरोडा. शिरोड्याची मिठागरे १९३० च्या सत्याग्रहामुळे देशाला माहीत झाली, आणि इथल्या शाळेत वि. स. खांडेकरांनी उमेदीची वर्षे मास्तरकी केली. मग माती लाल होत जाते, लोहखनिजाच्या खाणी दिसतात, आणि रेडी येते. यशवंतगडाच्या पडक्या तटाखालून रस्ता आणखी थोडा जातो. तेरेखोलची खाडी समोर, अलीकडच्याच काठावर गोव्याचा तेरेखोल किल्ला. महाराष्ट्राचा सागरी महामार्ग इथे संपतो. पलीकडे केरीला जायचे असेल तर धक्क्यावर थांबावे लागते. फेरीबोट येते.